कॅराव्हॅनच्या एसीला बर्फ धरतो तेव्हा

एसीला बर्फ धरला म्हणजे गॅस कमी झाला, हे मुंबईत जवळपास प्रत्येक घराने ऐकलेलं असतं. एखाद्या वेळी ते खरंही असतं. आमच्या कॅराव्हॅनच्या एसीबाबत ते खरं नव्हतं, आणि एकही नळी न कापता तसं दाखवता आलं. ते कसं, हे सविस्तर लिहावंसं वाटलं. कारण २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आल्यापासून ओळखीपाळखीतल्या लोकांकडेही अशा गाड्या दिसायला लागल्यात, पण त्यांच्या छतावरच्या एसीत हात घालणारी माणसं अजून कमीच आहेत.

आमची गाडी ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेली. चार माणसं झोपतात, मागे छोटा ओटा आणि शेगडी, छतावर १३,५०० बीटीयूचा एसी. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, त्या हिशेबाने टनापेक्षा थोडा मोठा. घरातल्या स्प्लिटसारखे याचे आत-बाहेर असे दोन भाग नसतात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पंखे, गार कॉइल, सगळं छतावरच्या एकाच पेटीत. छताला १४ इंचांचं चौकोनी भोक पाडलेलं असतं. त्याच भोकाच्या एका बाजूने आतली हवा वर ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूने गार हवा खाली डक्टमध्ये येते. हे एकच भोक लक्षात ठेवा, पुढे त्याचाच विषय आहे.

गाडी हे चालवतात. वायर, मीटर, फ्यूज माझ्याकडे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी नोकरीची बहुतेक वर्षं रिले तपासण्यात घालवली, त्यामुळे आकडा पाहिल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

जूनच्या शेवटी, पाऊस चांगला लागल्यावर, घोडबंदरवरून भाईंदर-उत्तन करत गोराईला गेलो. रात्री झोपताना एसी झकास चालला होता. मध्यरात्रीनंतर उकडायला लागलं. वर कॉम्प्रेसरची घरघर चालूच, पण व्हेंटसमोर हात धरला तर वारा अगदी मलूल. गार होता, पण नुसता स्पर्शाला. पहाटे एसी बंद केला आणि थोड्या वेळात छतातून खडखड आवाज होऊन पाण्याची धार थेट सासूबाईंच्या बर्थवर आली. टॉर्च मारून जाळीतून वर पाहिलं तर कॉइलच्या जागी पांढरी भिंत. पत्र्यांमधल्या फटी दिसतच नव्हत्या, सगळ्या बर्फाने भरलेल्या.

अशा वेळी काय करायचं नाही, ते आधी सांगते. सुरीने, स्क्रू ड्रायव्हरने बर्फ टोकरायचा नाही. कॉइलच्या पत्र्या कागदासारख्या पातळ असतात आणि त्यांच्यातून गॅसची तांब्याची नळी जाते. ती फुटली की खरोखरच गॅस जातो. आणि बर्फ असताना ‘अजून थोडं गार होऊ दे’ म्हणून कॉम्प्रेसर चालवत राहायचं नाही. कॉइलवरून हवाच जात नसेल तर तिच्यात द्रवरूपात आलेला गॅस पूर्ण उकळत नाही, आणि तो तसाच द्रवरूपात कॉम्प्रेसरकडे परत जातो. कॉम्प्रेसर वायू दाबायला बनवलेला असतो, द्रव दाबायला नाही. कूलिंग बंद, पंखा सर्वात जोरात, खाली टब. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत एवढंच.

मुंबईला परतल्यावर एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने व्हेंटसमोर हात धरला आणि म्हणाला, “मॅडम, गॅस भरावा लागेल. साहेबांना विचारून सांगा.” किती कमी आहे, असं मी विचारलं. त्याच्याकडे ना दाब मोजायचा गेज होता ना थर्मामीटर. शिवाय या एसीला गॅस मोजायला जागाच नाही. छतावरचे हे एसी कारखान्यातच सील होऊन येतात, घरच्या एसीसारखा सर्व्हिस व्हॉल्व्ह त्यांना बहुधा नसतो. गॅस भरायचा म्हणजे नळी कापून पिन व्हॉल्व्ह जोडायचा. तो नवा सांधा सतत हलणाऱ्या गाडीच्या छतावर, म्हणजे पुढेमागे गळतीला एक नवी जागा. आणि गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. आमच्या नेमप्लेटवर आर-४१०ए लिहिलंय. हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट उष्णता अडवतो. नुसत्या अंदाजावर तो हवेत सोडायचा, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

मग एका ओळखीने एक काका मिळाले. गोरेगावच्या चित्रनगरीत शूटिंगच्या व्हॅनिटी व्हॅन असतात, त्यांचे एसी सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, घर हलत नाही, गाडी हलते. गाडीच्या एसीत आधी सांधे बघायचे, मग हवा बघायची, गॅस सगळ्यात शेवटी. मी रविवारी येतो, तोवर तुम्ही टेंपरेचर लिहून ठेवा.”

टेंपरेचर लिहून ठेवा, असं मला आजवर एकाही एसीवाल्याने सांगितलं नव्हतं.

बर्फ का धरतो, ते थोडक्यात सांगायला हवं. चांगल्या चालणाऱ्या एसीची कॉइल साधारण ४ ते ७ अंशांवर असते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २४-२५ अंशांच्या आसपास, त्यामुळे कॉइल कायम निथळत असते. ते योग्यच आहे, पाणी बाहेर वाहून जातं. कॉइल शून्याच्या खाली गेली की तेच पाणी जागेवर गोठतं. गोठलेलं पाणी फटी बुजवतं, हवा आणखी कमी होते, कॉइल आणखी गार होते, बर्फ आणखी वाढतो. एकदा सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही.

कॉइल शून्याखाली जायला मुख्यतः दोन वाटा. एक, गॅस कमी, त्यामुळे आतला दाब पडतो आणि द्रव फार कमी तापमानाला उकळतो. दुसरी, गॅस ठीक पण कॉइलला मिळणारी उष्णता कमी: हवा कमी येते, किंवा येते तीच आधीच गार असते. या दोन्ही वाटांच्या खुणा वेगळ्या आहेत. गॅस कमी असेल तर बर्फ कॉइलच्या एका टोकाला, द्रव आत सोडणारी बारीक केशनळी जिथे शिरते तिथून धरायला लागतो आणि बाकीची कॉइल कोमट राहते. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक छोटा होतो, कॉम्प्रेसर करंटही कमी घेतो. हवा कमी असेल तर बर्फ सगळ्या कॉइलभर सारखा पसरतो आणि तापमानातला फरक उलट मोठा होतो, कारण हवा हळूहळू सरकत खूप गार होऊन बाहेर पडते.

गोराईला मी पाहिलेली पांढरी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. ही पहिली खूण.

मोजायला सुरुवात केली. लॅमिंग्टन रोडवरून वायरला टोक असलेले दोन डिजिटल थर्मामीटर आणले. एक हवा ओढणाऱ्या जाळीत, एक सर्वात जवळच्या व्हेंटमध्ये, आणि घरातला साधा थर्मामीटर बर्थवर उशीजवळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून, वीस मिनिटं एसी चालू ठेवून आकडे घेतले. व्हेंटला ९ अंश. जाळीत २२. उशीजवळ २७.

जाळी आणि व्हेंटमधल्या फरकासाठी काका ८ ते ११ अंशांचं माप धरतात, दमट हवेत त्यातही खालच्या बाजूचं, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. इथे फरक १३. म्हणजे हवा कमी. पण मला जास्त खटकला तो दुसरा आकडा. हवा ओढणारी जाळी खोलीचीच हवा ओढते. खोलीत २७ आणि जाळीत २२ कसे? ते पाच अंश कुठून तरी येत होते.

काका येण्याआधी सोपं सोपं उरकून घेतलं. फिल्टर मी नियमाने धुते, तो स्वच्छच होता. व्होल्टेज पाहिलं. गोराईला आम्ही ५० मीटर लांब, एक चौरस मिलिमीटरची वायर टाकून वीज घेतली होती. एवढी वायर सात अँपिअरला एकटीच बारा-तेरा व्होल्ट खाते. व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो आणि हवा कमी होते. बर्फाला तेवढी मदतही पुरते. पण पार्किंगमध्ये एसी चालू असताना मीटरवर २२८ व्होल्ट होते आणि बर्फ तिथेही धरत होता. तेव्हा हे मूळ कारण नाही. वायर मात्र जाड घ्यायची ठरवली.

तिसरी गोष्ट घरातलीच. गार वारा अंगावर आला की सासूबाईंचे गुडघे धरतात. त्यामुळे त्यांच्या बर्थवरचा व्हेंट कायम बंद, आणि लेक स्वयंपाकाच्या बाजूचा बंद करायची, म्हणजे झोपायच्या बाजूला जास्त हवा येईल. तसं होत नाही. एवढ्याशा डक्टमध्ये दोन व्हेंट बंद झाले की बाकीच्यांतून थोडी जास्त हवा येते, पण एकूण हवा घटते, आणि कॉइलला एकूण हवेशीच देणंघेणं असतं. व्हेंट सगळे उघडे ठेवले आणि आईंच्या व्हेंटला वारा छताकडे वळवणारं प्लास्टिकचं झाकण लावलं. आईंना आता चालतं.

रविवारी काका आले, बरोबर एक शिकाऊ मुलगा. प्लग काढला, पेटीवरचं झाकण उघडून कॅपॅसिटर डिस्चार्ज केला. वीज बंद असली तरी कॅपॅसिटर झटका देतो, हे त्या मुलाला त्यांनी माझ्यासमोर पुन्हा सांगितलं. मग खाली येऊन छताच्या आतलं कव्हर काढलं आणि चौदा इंचांच्या त्या भोकात डोकं घातलं.

“ताई, इकडे या. हात लावा.”

भोकाच्या मधोमध थर्माकोलसारख्या पांढऱ्या फोमची एक पट्टी उभी असते. गार हवा एका बाजूला, परतीची हवा दुसऱ्या बाजूला, हे काम तिचं. ती वर पेटीला आणि बाजूने छताला ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने पक्की केलेली असते. आमची चिकटपट्टी वरच्या कडेला जवळजवळ वीतभर सुटून लोंबत होती आणि फोमची पट्टी कलली होती. पडलेल्या फटीत माझी चार बोटं सहज गेली. एसी दोन मिनिटं चालू करून पाहिलं तर त्या फटीतून गार हवेचा झोत सरळ परतीच्या बाजूला जात होता. माझे पाच अंश तिथे होते. कॉइलने गार केलेली हवा खोलीत न येता पुन्हा कॉइलवरच जात होती. आणि थर्मोस्टॅट ओट्याजवळच्या भिंतीवर, जिथे खोली गरमच, त्यामुळे कॉम्प्रेसर बंद व्हायचं नावच नाही.

घोडबंदर रोडचे पावसाळ्यातले खड्डे ज्यांनी खाल्लेत, त्यांना ही चिकटपट्टी का सुटली हे सांगावं लागणार नाही. शिवाय छतावर उन्हाळ्यातलं ऊन आणि आतून कायम ओल, गोंद किती टिकणार?

त्याच उघड्या भोकातून कॉइलचा खालचा चेहरा दिसला. फिल्टर स्वच्छ असूनही तिच्यावर राखाडी थर होता, बोटाने ओढला तर गोधडीतल्या जुन्या कापसासारखा सलग निघून आला. पांघरुणांचा भुगा, केस, अगरबत्तीची काजळी आणि या सगळ्याला धरून ठेवणारं तेल. गाडीत फोडणी दिली की तेलाची वाफ जाते कुठे? एसी चालू असेल तर सरळ जाळीत. फिल्टर मोठी धूळ अडवतो, तेलाची वाफ त्यातून पार होते. पंख्याच्या जाळीदार चाकाच्या पात्यांच्या खोबणीतही तसाच चिकट मळ बसला होता. ही पाती वाकडी असतात म्हणूनच हवा फेकतात. खोबण भरली की चाक त्याच वेगाने फिरतं, पण हवा फेकत नाही.

काकांनी मग कॉइलच्या पत्र्यांजवळ लोंबणारी एक बारीक काळी वायर दाखवली. तिच्या टोकाला तांब्याची टोपी. हा बर्फाचा सेन्सर. तो पत्र्यांमध्ये रुतलेला असायला हवा, म्हणजे कॉइल शून्याजवळ आली की तो कॉम्प्रेसर थांबवतो. आमचा हवेत लटकत होता, कॉइलऐवजी हवेचं तापमान वाचत होता. सेन्सर बिघडलाय का, हे मी तिथेच तपासलं. पेल्यात बर्फ आणि पाणी घेतलं, टोक बुडवलं, मल्टीमीटर लावला. खोलीत साधारण १० किलोओहम दाखवणारा सेन्सर बर्फात ३२ च्या आसपास गेला. या जातीचा सेन्सर गार झाला की त्याचा रोध वाढतो, शून्य अंशाला साधारण तिप्पट. म्हणजे सेन्सर उत्तम, जागा चुकलेली.

आता गॅस. काकांनी नळीला हातही लावला नाही. “आधी करंट,” म्हणाले. क्लॅम्प मीटर अख्ख्या केबलभोवती लावला तर काहीच दाखवत नाही, जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. फेजची वायर सुटी काढलेली एक छोटी केबल माझ्याकडे नोकरीच्या दिवसांपासून आहे, ती मध्ये जोडली. नेमप्लेटवर ६.५ अँपिअर, मीटरवर ६.२. गॅस खरोखर कमी असता तर करंट याच्या बराच खाली असता. कॉइलवर बर्फ सारखा पसरलेला, तापमानातला फरक मोठा, करंट नेमप्लेटजवळ. तिन्ही साक्षी एकाच बाजूच्या. काकांनी गेज पिशवीतून काढलेच नाहीत.

सफाईला अर्धा दिवस गेला. शिकाऊ मुलाने सोसायटीत गाड्या धुतात तो जेट पंप आणू का विचारलं, तर काका जवळजवळ ओरडलेच. जोराच्या पाण्याने पत्र्या आडव्या पडतात आणि हवा कायमची अडते. साबणाचं कोमट पाणी साध्या फवाऱ्याच्या बाटलीने मारलं, मोटरवर प्लास्टिक बांधून. मळ भिजू दिला, पुन्हा पाणी मारलं, खालून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. वाकलेल्या पत्र्या फणीने सरळ केल्या. पंख्याच्या चाकाचं प्रत्येक पातं जुन्या टूथब्रशने घासलं. हे काम माझ्या लेकीने केलं आणि मनापासून केलं.

कॉइलखालच्या ट्रेची पाणी जायची भोकं गुलमोहराच्या बारीक पानांनी ठासलेली निघाली. आमच्या पार्किंगवर गुलमोहर आहे. ट्रेमध्ये पाणी साचलं की कॉइलची खालची कड त्यात बुडून राहते आणि गोठायला तिथूनही सुरुवात होते. सासूबाईंच्या बर्थवर धार आली ती यामुळेच. वितळलेलं पाणी छतावर वाहून जायच्या ऐवजी आत उलटलं.

फोमची पट्टी सरळ बसवली. चिकटपट्टी मी नागदेवी स्ट्रीटवरून आणून ठेवली होती, खऱ्या ॲल्युमिनियमची, चंदेरी प्लास्टिकची नाही. आधी जागा स्पिरिटने पुसली, पूर्ण वाळू दिली, मग पट्टी लावून बोथट प्लास्टिकने घासून बसवली. ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागावर लावलेली पट्टी एका पावसाळ्यातही टिकणार नाही, असं काकांचं म्हणणं. कडेला आणखी एक आडवा थर दिला. सेन्सर पत्र्यांमध्ये मधल्या उंचीवर खोचून त्याची क्लिप बसवली.

संध्याकाळी पुन्हा तेच तीन थर्मामीटर. उशीजवळ २६, जाळीत २६, व्हेंटला १६. फरक १०. बाहेर मुसळधार पाऊस, हवा ओलीचिंब, तरी तासाभरानेही आकडा अर्ध्या अंशाच्या वर हलला नाही. रात्रभर एसी चालू ठेवला आणि पहाटे टॉर्च मारून पाहिलं: कॉइल ओली, काळी, सगळ्या फटी दिसत होत्या.

आता आम्ही २४ वर ठेवतो आणि पावसाळ्यात पंखा ‘लो’वर नेत नाही. बाहेर २५ असताना १६ वर लावून पंखा मंद ठेवणं म्हणजे धडधाकट एसीलाही बर्फ धरायला लावणं. फोडणीच्या वेळी एसी बंद आणि छताची खिडकी उघडी. लांबचा प्रवास झाला की आतलं कव्हर उघडून चिकटपट्टीवरून हात फिरवते, पाच मिनिटांचं काम आहे.

काकांना जाताना विचारलं, की खरंच गॅस गेला असेल तर? त्यांनी सांगितलं ते असं. फरक छोटा, करंट कमी, बर्फ एकाच टोकाला, असं तिन्ही दिसलं तरच नळी उघडायची. उघडली की आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ती ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, बुजवायची, मग पंपाने व्हॅक्यूम काढून आतली हवा आणि ओल घालवायची, आणि गॅस नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच, सिलिंडर काट्यावर ठेवून भरायचा. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे, म्हणून सिलिंडरमधून ते द्रवरूपातच घ्यायचं, नाहीतर मिश्रणाचं प्रमाण बदलू शकतं. “आणि ज्याच्या गाडीत वजनकाटा नाही,” ते बूट घालता घालता म्हणाले, “त्याला तुमच्या छतावर चढू देऊ नका.”